घर रिकामं राहिलं तो पावसाळा

आमच्या सिंदेवाहीच्या घरात माझ्या वहिनीबद्दल एकच तक्रार होती. ती कोणाचं ऐकत नाही. लग्न झालं तेव्हा माझा मोठा भाऊ गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिणेला, जंगलातल्या एका आश्रमशाळेवर मास्तर होता. सगळ्यांनी वहिनीला सांगितलं, त्याची बदली होईपर्यंत तू इथेच राहा, तिकडे हिवतापानं माणसं मरतात. ती पुढच्याच एसटीनं त्याच्यामागे गेली. बदली काही झाली नाही. काही वर्षांनी भाऊ तिथेच तापानं गेला. तेरावं आटोपल्यावर माझे वडील तिला आणायला म्हणून गेले आणि एकटेच परतले. ओसरीवर टेकले. मग आईला म्हणाले, "येत नाई म्हनते. तिथी बाया हायेत म्हनते."

त्या बाया म्हणजे नदीपलीकडच्या गावांतल्या पोटुशी बाया. पाऊस लागला की त्या भागात नदी गावांना तोडून टाकते. पूल होणार, होणार असं मी तरुणपणापासून ऐकत आले आहे. भाऊ होता तेव्हाची गोष्ट. आठवडी बाजाराला टोरी, म्हणजे मोहाच्या बिया, विकायला एक बाई यायची, वहिनीच्या ओळखीची. एका पावसाळ्यात ती दिसेनाशी झाली. पाणी उतरल्यावर कळलं की ती बाळंतपणात अडली आणि गेली, दवाखाना नदीच्या या बाजूला, आणि पुरात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घालायची कोणाची छाती झाली नाही. वहिनीनं भावाला विचारलं, "पानी यायच्या आधीच आली असती तं?" भाऊ म्हणाला, "येऊन राह्यली असती कुठी?" दुसऱ्या वर्षी वहिनीनं धान ठेवायची खोली रिकामी केली आणि दोन बायांना पावसाच्या आधीच घेऊन आली. तिचं सगळं आयुष्य मग त्यातच गेलं.

पुढे त्याचं घर झालं. दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर, कौलारू, चार खोल्या, मागे स्वयंपाकाचं छप्पर. दिवस भरत आलेल्या बाया मृगाच्या आधी यायच्या. सोबत कोणाची सासू, कोणाचा नवरा, एखादं मोठं लेकरू, आपापले तांदूळ, एखादी कोंबडीसुद्धा. आपलं आपण रांधायच्या. कळा सुरू झाल्या की वहिनी सोबत चालत दवाखान्यात जायची. बाळंत झाल्यावर पाणी उतरेपर्यंत पुन्हा आमच्याकडे. वहिनी नर्स नव्हती, दाई नव्हती. बाईच्या पोटाला तिनं कधी हात लावला नाही. "माझं काम बाईले पान्याच्या अलीकडे आनाचं," ती म्हणायची. "बाकीचं डॉक्टरचं अन् तिच्या देवाचं."

गोड बोलणं तिला जमायचं नाही. बायांवर ओरडायची. जेवली नाहीस काऊन, ओल्यात काऊन बसली. तिची माडिया बोली इतकी झाडीपट्टीच्या वळणाची होती की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि ती आणखी ओरडायची. गडचिरोलीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही तिच्याकडेच राहायला आले. मला मागेपुढे कोणी नव्हतं. ती मला 'मास्तरीणबाई' म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी तिनं मला तांदूळ निवडायला बसवलं.

ज्या पावसाळ्याचं मला सांगायचं आहे, त्याच्या आदल्या वर्षी एक उंच, सावळी पोरगी आमच्याकडे आली होती. पहिलटकरीण. तिला कोपऱ्यातली खोली आवडली, कारण तिथल्या खिडकीतून कडुनिंब दिसायचा. दिवसभर केस विंचरत बसायची. तिला अंगावरून जायला लागलं तशी आम्ही लगेच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही, गाडी काढून गडचिरोलीला पाठवलं. गाडीत वहिनी होती. गडचिरोली यायच्या आधीच तिच्या मांडीवर ती पोरगी गेली. मूल पोटातच राहिलं.

वहिनीनं तिला तशीच परत नेली. काठापर्यंत गाडीतून, पुढे डोंग्यातून. पलीकडे तिची आई उभी होती. आईनं लेकीकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. "रडली असती, मले मारलं असतं, तं बरं झालं असतं," वहिनी मला म्हणाली.

त्याच पावसाळ्यात कोपऱ्यातल्या त्याच खोलीत राहिलेल्या दुसऱ्या एका बाईचं मूल मेलेलं जन्मलं. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं असं नाही. पण एकामागून एक, आणि एकाच खोलीतून, असं झालं नव्हतं. हिवाळा गेला. उन्हाळ्यात आमचा म्हातारा कुत्रा अंगणात मरून पडलेला सापडला आणि कडुनिंबाची एक मोठी फांदी वाराबिरा काही नसताना मोडून खोलीच्या कौलांवर आली. वहिनीनं कौलं बदलून घेतली.  कौलं बदलणारा माणूस मात्र खोलीच्या आत गेला नाही, सगळं बाहेरूनच केलं त्यानं.

मग वहिनी नेहमीसारखी गावं फिरायला निघाली. मीही सोबत होते.

पहिल्या गावात शिरलो तेव्हा दुपार होत आली होती. एरवी वहिनी दिसली की लेकरं धावत यायची, कोणी खाट टाकायचं, कोणी आंबील आणायचं. त्या दिवशी लेकरं कुडाच्या आड उभी राहून पाहत होती. एका म्हातारीनं पाणी दिलं. वहिनीनं विचारलं, अमकीची सून कुठे आहे? म्हातारी म्हणाली, जंगलात गेली. तमकीची लेक? तीही जंगलात. "एवढ्या उन्हात, असं पोट घेऊन?" म्हातारी तांब्या उचलून आत गेली. आम्ही निघालो आणि मी सहज मागे वळून पाहिलं. एका घराच्या दारात एक पोटुशी बाई उभी होती. मी पाहिल्यावर आत गेली.

दुसऱ्या गावातही तेच. तिसऱ्या गावात तर पाणीही लेकराच्या हातून पाठवलं. कोणी वाईट बोललं नाही, कोणी जा म्हणालं नाही. फक्त आम्ही जिकडे जाऊ तिकडे दारं एकेक करून लागत गेली. चाळीसेक वर्षं वहिनी त्या वाटांनी फिरली होती. त्या गावांतले कितीतरी तरणे पुरुष आणि बाया तिच्या घरात राहिलेल्या आयांच्या पोटी जन्मले होते. तेच आता मान खाली घालून बाजूनं निघून जात होते.

परतताना डोंगेवाल्या म्हाताऱ्याला वहिनीनं सरळच विचारलं. "भाऊ, काय झालं हाय? मले सांगा."

त्यानं वल्हं आडवं धरलं. मग म्हणाला, "बाई, तुमच्या घरात थे हाय म्हन्तेत."

"कोन?"

"मेली ना मागच्या साली. थेच. गाडीत मेली, रस्त्यात मेली. मानसं तिले घेऊन गेले, पुरलं, पन तिचा जीव तिथीच राह्यला, जिथून निघाली तिथी. त्या खोलीत. आता दुसरीचं लेकरू नेलं तिनं. अजून नेईल म्हन्तेत. एकटी हाय ना."

 काठावर उतरताना तिचा पाय घसरला आणि मी तिला धरलं. 

मेलेल्या पोरीची एक धाकटी बहीण होती. तीही तेव्हा पोटुशी होती. तिचं पहिलं मूल आमच्याच घरातून दवाखान्यात जाऊन झालं होतं, सिझर करून. अशा बाईला दुसरं बाळंतपण घरी धोक्याचं, हे वहिनीला ठाऊक होतं, आणि त्या साली इतर सगळ्यांपेक्षा तिला तिचीच काळजी होती. म्हणून आम्ही पुन्हा नदी ओलांडून त्या गावी गेलो. या वेळी दार लागलं नाही. आईच दारात बसली होती, सुपात तांदूळ घोळत. पोरगी आत होती. कुडाच्या फटीतून तिच्या लुगड्याचा रंग दिसत होता.

वहिनीनं जोहार केला. आईनं मान हलवली.

"पोरीले घेऊन जाऊ दे," वहिनी म्हणाली. "तिचं पोट फाडून लेकरू काढलं होतं. घरी नाई होनार."

आईनं सूप खाली ठेवलं. ती माडियातून बोलली, हळू, आणि वहिनीनं मला नंतर सांगितलं तेव्हा तिचा आवाज तसाच हळू होता. आई म्हणाली होती, "एक दिली तुले. दुसरी नाई देत."

वहिनी तिथेच बसून राहिली. आई पुन्हा तांदूळ घोळू लागली. उन्हं कलली तशा आम्ही उठून निघालो.

घरी आल्यावर मी वहिनीला म्हटलं, "हे सगळं खोटं आहे, असं कोणीतरी त्यांना समजावून सांगितलं पाहिजे. दवाखान्याच्या आशाताईला सांगू, डॉक्टरांना सांगू."

"आशाताई तिथलीच पोरगी हाय," वहिनी म्हणाली. "थे बी दोन महिन्यांपासून आपल्या अंगनात नाई आली. पाह्यलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं.

पाऊस लागला. वहिनी रोज म्हणायची, पाणी पाहून येतील. खोल्या झाडून ठेवल्या होत्या, खाटा विणून घेतल्या होत्या, सरपण भरून ठेवलं होतं. कोणी आलं नाही. झाडलोट करायला येणारी बाई एक दिवस आली नाही, दुसऱ्या दिवशीही आली नाही. मग कळलं की ती दुसरीकडे कामाला लागली. एरवी त्या दिवसांत घरात बोलणं, भांडणं, कोंबड्या, चुलीचा धूर, काय काय असायचं. आता भरदुपारी कौलांवरून पाणी पडतानाचा आवाज तेवढा. कोपऱ्यातल्या खोलीचं दार ओलीनं फुगलं होतं. ते लावलं तरी थोड्या वेळानं आपोआप, हळूहळू उघडायचं. मी आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवलं. ओल्या लाकडाचं मला कळतं. तरी तांदूळ निवडताना मी त्या दाराकडे पाठ करून बसत नव्हते. पाहिलं तर वहिनीही बसत नव्हती.

एक दिवस मात्र एक जोडपं आलं. दूरच्या टोल्यावरचं, म्हणजे छोट्या वस्तीवरचं, नदीपासून आत खूप लांबचं. बाईचे दिवस भरत आले होते, डोक्यावर गाठोडं, नवऱ्याच्या खांद्यावर तांदळाची पिशवी. वहिनी अंगणात इतक्या घाईनं गेली की तिची चप्पल चिखलात राहिली. बाई व्हरांड्यात टेकली. इकडेतिकडे पाहू लागली.

"बाकीच्या कुठी?" तिनं विचारलं.

"येतीन," वहिनी म्हणाली. "तू पयली आली."

बाईनं एकेका खोलीत डोकावून पाहिलं. कोपऱ्यातल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे ती थांबली. मग नवऱ्याकडे पाहिलं. मी चहा केला. दोघांनी तो उभ्याउभ्याच घेतला. नवरा म्हणाला, "बाकीच्यांसंगं येतो, बाई. एकटी इथी भेते थे."

वहिनीनं त्या बाईचा हात धरला. मी तिला कोणाचा असा हात धरताना कधी पाहिलं नव्हतं. "मी झोपतो तुह्यासंगं," ती म्हणाली. "माह्या खोलीत राह्य. नोको जाऊ." बाई हसली, संकोचानं, जशी मोठ्या माणसापुढे हसतात. मग हात सोडवून घेतला. पावसातच ती दोघं गेली. वळणापर्यंत तिच्या डोक्यावरचं गाठोडं दिसत होतं.

 दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तशी तिनं काठी घेतली.

"कुठे चाललीस?"

"पेरम्याकडे."

पेरमा म्हणजे गावच्या देवाचं पाहणारा माणूस. मी म्हटलं, "वहिनी, तू हे मानत नाहीस ना?"

"मी मानतो का नाई, मले कोन विचारून राह्यलं?" ती म्हणाली. "त्याइले भेव वाटते. ते तं खरं हाय ना? मंग त्याचं काही करा लागन."

ती एकटीच गेली. संध्याकाळच्या आत परत येईल असं वाटलं होतं. आली नाही. नदीचा आवाज घरापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगा आला. त्यात वहिनी होती, एक हाडकुळा, पांढऱ्या केसांचा पेरमा होता, आणि मेलेल्या पोरीची आई होती.  अंगणात आल्यावर ती कडुनिंबाखाली उभी राहिली आणि मोडलेल्या फांदीच्या खुणेकडे पाहू लागली.

पेरम्यानं खोली स्वतः झाडली. जमिनीवर तांदळाचं पीठ पातळ पसरलं, त्यावर नवी टोपली पालथी घातली, शेजारी टोरीच्या तेलाचा दिवा लावला. वहिनीनं आपल्याकडची कोंबडी दिली. मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि आईला उंबऱ्यावर बसवलं. ती हाका मारू लागली. मला त्या बोलीतलं थोडंच कळतं, पण 'चल' आणि 'घर' एवढं कळलं, आणि मधे मधे त्या पोरीचं नाव. उशीर झाला म्हणून खेळणाऱ्या लेकराला आई बोलावते तशी, आधी साधी हाक, मग जरा रागावून, मग लाडीगोडीनं. तोवर आभाळ पुन्हा भरून आलं होतं. खोलीत दिव्याखेरीज उजेड नव्हता. वहिनीनं माझा दंड धरला होता तो दुखेपर्यंत आवळला.

पेरम्यानं टोपली उचलली आणि म्हणाला, "आली." पिठात एक बारीक रेघ होती, वळणं घेत गेलेली. मुंगी असेल, असं माझ्या मनात आलं. आईनं वाकून ती रेघ पाहिली. मग रेघेचं पीठ तेवढं पानाच्या द्रोणात भरलं, द्रोण पदरात बांधला आणि उठली.

काठावर आलो तर डोंगेवाला म्हातारा डोकं हलवत होता. वरच्या अंगाला काळं झालं होतं आणि पाण्याचा रंग सकाळचा राहिला नव्हता. मधूनच एखादं अख्खं झाड मुळ्या वर करून वाहत जायचं. "आता नाई जमत," तो म्हणाला. "उद्या पाहू."

आई डोंग्यात जाऊन बसली. "घरी नेतो म्हनून बोलावलं तिले," ती म्हणाली. "आता थांब म्हनू काय?"

म्हाताऱ्यानं पेरम्याकडे पाहिलं. पेरमा एक लांब बांबू उचलून डोंग्यात चढला आणि म्हाताऱ्यानं वल्हं हाती घेतलं. वहिनी पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरली होती. मी तिला मागे ओढलं. डोंगा काठ सोडताच प्रवाहानं आडवा झाला आणि झपाट्यानं खाली जाऊ लागला. एकदा एक ओंडका अगदी जवळून गेला, बांबू वर झालेला दिसला, आणि मग ते सगळे नदीतल्या बेटाच्या झाडीआड गेले. आम्ही उभ्या राहिलो. पाऊस सुरू झाला. वहिनी काहीतरी पुटपुटत होती. खूप खाली, पलीकडच्या काठावर, तीन आकृत्या चिखलातून वर चढताना दिसल्या तेव्हा तिनं डोक्यावरून पदर काढून पिळला.

मग म्हणाली, "आता धाकटी पोरगी यीन. पन यीन कशी?"

खरंच होतं ते. वाट मोकळी झाली होती आणि नदी बंद झाली होती. त्यानंतर पाऊस थांबेचना. खालची गल्ली पाण्याखाली गेली, वीज गेली, मोबाइलचा टॉवर बंद पडला. पलीकडून कसलीच खबर नव्हती. वहिनी रोज छत्री घेऊन काठापर्यंत जायची आणि पाणी पाहून परत यायची. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. एकदा मला म्हणाली, "मी पयलेच गेली असती पेरम्याकडे, तं?" 

एका सकाळी एक पोलीस मोटरसायकलवरून निरोप घेऊन आला. वरच्या अंगाला, जिथे पात्र जरा अरुंद आहे, तिथे पलीकडे माणसं दिसताहेत, खाट घेऊन आलेली. बचाव पथकाची रबरी बोट तिकडे निघाली आहे. आम्ही पोचलो तेव्हा बोट अर्ध्यात होती. पाणी तिला फिरवत होतं. इंजिनाचा आवाज मधेच बंद झाला, पुन्हा सुरू झाला.  बोट लागली तेव्हा आधी आई उतरली. तिच्या पायांवर जळवांचे रक्ताचे ओघळ होते. नाल्यांना पूर म्हणून डोंगराच्या वाटेनं, जंगलातून, गावच्या माणसांनी आळीपाळीनं खाट खांद्यावर आणली होती. खाटेवर धाकटी होती. डोळे मिटलेले, ओठ पांढरे, आणि हात पोटावर घट्ट.

दवाखान्यात पोचताच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं. आई भिंतीला टेकून बसली, वहिनी तिच्या शेजारी. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आतून लेकराचा आवाज आला, बारीक, मग बंद झाला, मग मोठ्यानं आला. आईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड पदरात घेतलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन वहिनीला म्हणाल्या, "जुन्या टाक्यांची जागा फाटायला आली होती. पोरगी झाली. दोघी आहेत."

दवाखान्यातून सोडल्यावर धाकटीला मी माझ्या खोलीत न्यायला निघाले. आईनं तिचं गाठोडं उचललं आणि सरळ कोपऱ्यातल्या खोलीत नेऊन ठेवलं. "आता तिथी कोनी नाई," ती म्हणाली. "मी घेऊन गेली."

बोट चालू झाल्यावर आणखी काही बाया आल्या. पावसाळा संपता संपता दोन खोल्यांत माणसं होती. वहिनी पुन्हा ओरडायला लागली. मला वाटलं, निभावलं.

पाणी उतरलं, वाटा सुकल्या, आणि बाजाराला आलेल्या एका माणसाकडून कळलं. दूरच्या टोल्यावरची ती बाई, जी गाठोडं घेऊन आली होती आणि चहा पिऊन परत गेली होती, ती बाळंतपणात गेली. मूलही गेलं. तिकडून नदीपर्यंत यायलाच वाट नव्हती.

आम्ही गेलो. टोला म्हणजे मोजकी घरं, मागे बांबूचं रान. तिचा नवरा धानाच्या बांधीत काम करत होता. आम्हाला पाहून तो बांधावर आला, हातपाय चिखलानं भरलेले. त्यानं जोहार केला.  

"आमी येऊन गेलो होतो, बाई," तो म्हणाला.

बाकी काही नाही. त्यात राग नव्हता. मला तर वाटलं, आपण आलो होतो हे वहिनीला आठवावं एवढंच त्याला पाहिजे होतं. वहिनी म्हणाली, "हो भाऊ. आले होते तुमी." तो पुन्हा बांधीत उतरला. परतीच्या वाटेवर वहिनी तीन वेळा बसली. मी तिला इतकी म्हातारी झालेली त्याआधी पाहिली नव्हती.

त्यानंतरच्या वर्षी गावं फिरताना ती आई आमच्यासोबत होती. तिनंच विचारलं होतं, येऊ का म्हणून. वहिनी आता आधी दूरच्या टोल्यांवर जाते, नदीकाठची गावं शेवटी. दारं उघडी होती, आंबील मिळाली, बाया निघाल्या. तरी एक गोष्ट बदलली, आणि ती अजून तशीच आहे. बाया घरी येतात तेव्हा आधी एकेका खोलीत डोकावून पाहतात, बाकीच्या आल्यात का ते. कोपऱ्यातल्या खोलीत पावसाळाभर ती आई स्वतः झोपते. दुसऱ्या कोणाला तिथे झोपू देत नाही, का ते सांगत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

यंदाही मृगाच्या आधी खोल्या भरल्या. पहिल्या दिवशी पलीकडच्या रानावर आभाळ काळं होऊन आलं तेव्हा आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो होतो. आत बाया भाताच्या पाण्यावरून भांडत होत्या.

"आल्या सगळ्या," मी म्हटलं.

वहिनी पलीकडे पाहत होती. जरा वेळानं म्हणाली, "आपल्याले मालूम हायेत, त्या आल्या."